एकाच किमतीच्या दोन सुपरकार, मग एकच का पडली?

मॅक्लारेनची एमपी४-१२सी आणि फेरारीची ४५८ इटालिया. सुपरकारचा रिसेल समजून घ्यायचा असेल तर या दोघींना शेजारी शेजारी उभं करा, अर्धा विषय तिथेच कळतो. २०११ मध्ये इंग्लंडात १२सी नवी कोरी घ्यायला १ लाख ६८ हजार ५०० पौंड लागायचे आणि ४५८ पण जवळपास तेवढ्यालाच पडायची, ऑप्शन्सचे पैसे वेगळे. दोन्ही टू सीटर, दोन्हीचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, दोन्हीला सात गिअरचा ड्युअल क्लच, ४५८ ची ताकद ५७० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि १२सीची ६००. आज बरी सर्व्हिस हिस्ट्री असलेली १२सी तिकडे ७०-८० हजार पौंडाच्या आसपास मिळते. ४५८ मात्र अजून लाखाच्या वरच आहे, आणि तिची खास आवृत्ती ४५८ स्पेचाले तर नवी होती तेव्हापेक्षाही कितीतरी महाग झालीये.

आता कोणाला वाटेल की मग १२सी गाडीच भिकार असणार. अजिबात नाही. कार्बन फायबरचा आख्खा सांगाडा ७५ किलोचा, म्हणजे एका माणसाच्या वजनाचा, सस्पेन्शन इतकं मऊ की खराब रस्त्यावर सेडानसारखी चालते, आणि वळणावर तरीही झुकत नाही कारण चारही चाकांचे डॅम्पर (म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) हायड्रॉलिकने एकमेकांना जोडलेले आहेत. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर मला ती ४५८ पेक्षा काकणभर सरसच वाटते. तरी पडली. म्हणजे किंमत पडण्याचा आणि गाडी चांगली असण्याचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नाहीये, आणि हेच नीट सांगावं म्हणून लिहायला बसलोय.

निमित्त असं की माझा मावसभाऊ तिकडे सरेमध्ये राहतो, वोकिंगच्या मॅक्लारेन फॅक्टरीपासून फार लांब नाही, आणि दोन वर्षं तो सेकंडहँड सुपरकार घ्यायची म्हणून जाहिराती बघत होता. रात्री अपरात्री मला लिंक पाठवायचा आणि खाली एकच प्रश्न, "दादा, एवढी स्वस्त कशी काय? काय लोचा आहे?" माझ्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं गाडीचं म्हटलं की मला माहीत असणारच, आणि खरं सांगायचं तर हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे म्हणून मी पण प्रत्येक वेळी लांबलचक उत्तर द्यायचो.

तर पहिली गोष्ट. शोरूमच्या बाहेर चाक पडलं की गाडीचे पैसे गेले असं आपण म्हणतो ना, ते सुपरकारला पण लागू आहे, फक्त आकडे मोठे. इंग्लंडात व्हॅट २० टक्के, तो किमतीतच धरलेला असतो, म्हणजे १ लाख ६८ हजारांपैकी साधारण २८ हजार पौंड कंपनीला कधी मिळालेच नाहीत, ते सरकारजमा झाले. तुम्ही सहा महिन्यांनी गाडी विकायला काढली तर ते कोण परत देणार? मग डीलर आला. तो तुमच्याकडून घेताना त्याची तयारी, पुढच्या गिऱ्हाईकाला द्यायची वॉरंटी, त्याचा नफा आणि गाडी चार महिने पडून राहिली तर अडकणारं भांडवल हे सगळं आधीच वजा करून भाव सांगतो. आणि तिसरे ऑप्शन्स. कार्बनचे आरसे, कार्बनचा डिफ्यूझर, आतल्या शिलाईचा खास रंग, यावर लोक ३०-४० हजार पौंड सहज घालतात आणि विकताना त्याचे फार तर चाराणे परत येतात. पुढचं नाक उचलणारा लिफ्ट, बकेट सीट, चांगला रंग, एवढ्यांनाच पुढचा माणूस खरोखर पैसे मोजतो. लिफ्ट नसेल तर गाडी विकायला जड जाते, कारण घराच्या उतारावरच नाक घासतं.

पण हे सगळं तर फेरारीला पण होतं. मग फरक कुठे पडला?

फरक पडला पुढे काय आलं त्यात. १२सी आली २०११ ला. २०१२ च्या शेवटी कंपनीने ताकद ६०० वरून ६२५ केली आणि जुन्या मालकांना ते अपडेट फुकट करून दिलं, हे त्यांनी फार चांगलं केलं. पण लगेच २०१४ च्या सुरुवातीला ६५०एस आली, तोच सांगाडा, तेच ३.८ लिटरचं ट्विन टर्बो (जास्तीची हवा दाबून ताकद वाढवणारे दोन पंखे असलेलं) इंजिन, फक्त जास्त ताकद आणि नवा चेहरा, आणि १२सी बंदच झाली. म्हणजे तीन वर्षांत तुमची गाडी "जुनी" झाली. २०१५ ला ६७५एलटी, त्याच वर्षी ५७०एस, २०१७ ला ७२०एस, २०१८ ला ६००एलटी आणि सेन्ना. २०१६ मध्ये तर कंपनीने स्वतःच जाहीर केलं होतं की २०२२ पर्यंत १५ नव्या गाड्या किंवा त्यांच्या आवृत्त्या आणणार. गुंतवणूकदाराला हे ऐकून बरं वाटत असेल, पण ज्याने कालच गाडी घेतलीये त्याच्या पोटात गोळा येतो. कारण सेकंडहँड घेणारा माणूस नेहमी शेजारच्या खणात काय ठेवलंय ते बघतो, आणि इथे शेजारच्या खणात त्याच घरातली, जास्त वेगवान, दोन वर्षांनी नवी गाडी थोड्याच जास्त पैशात दिसते. मग तो जुनीचा भाव पाडूनच मागतो.

फेरारीने उलट केलं. ४५८ आली २००९ ला आणि २०१५ पर्यंत मिड-इंजिन (म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे) व्ही८ म्हणून तीच एक. २०१२ मध्ये त्यांच्या ७३१८ गाड्या गेल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी मागणी असताना त्यांनी ठरवून आकडा ७००० च्या खाली आणला. हातातलं गिऱ्हाईक थांबवून ठेवायला किती हिंमत लागते हे धंदा केलेल्या माणसाला विचारा. आता मात्र तो आकडा वाढलाय, २०२४ मध्ये १३७५२ गाड्या, त्यामुळे आजच्या सगळ्याच फेरारींना जुनं गणित लागू पडेल असं कोणी धरून चालू नये.

आणि ४५८ च्या बाबतीत अजून एक झालं. २०१५ ला तिच्या जागी ४८८ आली ती टर्बो घेऊन. ताकद एकदम ६७० पीएस. कागदावर नवी गाडी सगळ्या बाबतीत पुढे, पण ९००० आरपीएमला जाऊन किंचाळणारं बिनटर्बोचं ते इंजिन मिड-इंजिन व्ही८ फेरारीत परत कधी येणार नाही हे लोकांना कळलं. म्हणजे एकीकडे नवी आल्यामुळे जुनी शिळी झाली, आणि दुसरीकडे नवी आल्यामुळेच जुनीला शेवटची म्हणून मान मिळाला. नवी गाडी काय नवीन देते यापेक्षा ती काय काढून घेते हे बघा, रिसेलचा अंदाज तिथून लागतो. खाचांच्या पट्टीतून हाताने टाकायचा गेटेड मॅन्युअल गिअर, मोठं बिनटर्बोचं इंजिन, व्ही१०, व्ही१२, या गोष्टी गेल्या की मागच्या गाड्या सावरतात. लॅम्बोर्गिनी हुराकान २०,००० च्या वर बनल्या, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, तरी तिचा भाव बरा टिकलाय, कारण तिच्यानंतर आलेल्या टेमेरारिओमध्ये व्ही१० नाही, ट्विन टर्बो व्ही८ आणि हायब्रिड आहे.

आता माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, ज्याच्याबद्दल लोक कमी बोलतात. भीती. बिलाची भीती.

आपल्याकडे स्विफ्टचा भाव का टिकतो? कारण गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला ती उघडता येते आणि पार्ट तालुक्याला मिळतो, त्यामुळे तिसरा मालक पण बिनधास्त असतो. वडील जुनी गाडी बघायला येणाऱ्याला सांगायचे, तुम्ही कितीला घेताय ते सोडा, तुमच्याकडून जो घेईल त्याला झोप लागेल का ते बघा. सुपरकारमध्ये हेच उलटं होतं. गाडी १ लाख ६८ हजारांवरून ७५ हजारांवर येते, पण तिचे सिरॅमिक ब्रेक, तिचा गिअरबॉक्स, तिचा हेडलाईट हे सगळे १ लाख ६८ हजारांच्या गाडीचेच राहतात. गाडी स्वस्त झाली, पार्ट झाला नाही. आणि ७५ हजारवाला माणूस हा दीड लाखवाल्या माणसाइतका श्रीमंत नसतो, त्याने पैसे साठवून घेतलेली असते, गिअरबॉक्स गेला तर तो बसतोच. म्हणून तो भाव करताना येऊ शकणारं एक मोठं बिल मनात धरून तेवढे कमी करून मागतो. १२सीच्या सुरुवातीच्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या तक्रारींचं नाव लागलं होतं, कंपनी रस्त्यावरच्या गाड्यांच्या धंद्यात नवी होती, बाहेरचे जाणकार मेकॅनिक कमी होते, त्यामुळे ही भीती जास्तच. फेरारीने त्याच सुमाराला सात वर्षांची ठरलेली सर्व्हिस गाडीच्या किमतीतच द्यायला सुरुवात केली, आणि ती गाडीबरोबर दुसऱ्या मालकाकडे जाते. ऐकायला ही साधी स्कीम वाटते, पण तिने नेमक्या त्या भीतीवर हात ठेवला.

१२सीचा हिशेब एकदा मांडूनच बघा. १,६८,५०० ची ७५,००० ला आली म्हणजे ९३,५०० पौंड गेले. मधल्या काळात गाडी २० हजार मैल चालली असं धरलं तर मैलामागे जवळजवळ पावणेपाच पौंड नुसते घसरणीचे, पेट्रोल, टायर, इन्शुरन्स सगळं वेगळं. आणि यातला मोठा तुकडा पहिल्या तीन-चार वर्षांतच जातो, नंतर उतार सपाट होत जातो. त्यामुळे पहिला मालक जे सोसतो त्याच्या निम्मं पण तिसऱ्याला सोसावं लागत नाही, त्याला सोसायची ती बिलं.

उलट्या बाजूची उदाहरणं पण बघू, कारण "लिमिटेड आहे म्हणजे वाढणारच" हा समज लोकांना फार महागात पडतो.

लेक्सस एलएफए. फक्त ५०० गाड्या, २०१० ते २०१२, अमेरिकेत किंमत ३ लाख ७५ हजार डॉलर. लोक म्हणाले लेक्ससला एवढे पैसे कोण देणार, आणि खरंच काही गाड्या बनणं बंद झाल्यावर सुद्धा अनेक वर्षं शोरूममध्ये न विकता उभ्या होत्या. २०१७ मध्ये अमेरिकेत नव्या एलएफए शिल्लक होत्या हे आज कोणाला खरं वाटणार नाही, कारण आज त्याच गाडीला दहा लाख डॉलरच्या आसपास मोजतात. व्ही१० चा तो आवाज लोकांच्या कानात उतरायला दहा वर्षं लागली.

पोर्शची ९११ आर ही दुसरी कथा, आणि ती मला जास्त शिकवून गेली. २०१६, फक्त ९९१ गाड्या, चार लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, मॅन्युअल गिअर. त्या वेळी ९११ चीच जीटी३ ही आवृत्ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये यायची, त्यामुळे आर वर उड्या पडल्या आणि महिन्याभरापूर्वी चावी मिळालेली गाडी कित्येक पट भावाने विकली जायला लागली. २०१७ मध्ये पोर्शने शांतपणे जीटी३ ला मॅन्युअल परत दिला, नंतर मागचा मोठा पंख काढलेली टूरिंग पण आणली. आर चा फुगा बसला. गाडी तीच होती, ९९१ चा आकडा तोच होता, पण आर मध्ये जे मिळत होतं त्यातलं बरंचसं आता शोरूममध्ये मिळायला लागलं. मूळ किमतीच्या खाली ती गेली नाही, पण सगळ्यात वरच्या भावाला घेतलेल्यांचे हात पोळले. म्हणून आकडा बघताना फॅक्टरी उद्या तीच मजा पुन्हा विकू शकते का हे पण बघायचं.

फोर्डने २०१७ च्या जीटीला तर खरेदीदाराकडून दोन वर्षं विकणार नाही असं लिहूनच घेतलं होतं, आणि कुस्तीपटू जॉन सीनाने ती लवकर विकली म्हणून त्याच्यावर दावा लावला, २०१८ मध्ये तो मिटला. कंपन्यांना पण माहिती असतं की पहिल्या वर्षातली सट्टेबाजी गाडीचं नाव खराब करते.

कोविडच्या वेळी चिप नव्हत्या, नव्या गाड्यांना वेटिंग, व्याजदर शून्याजवळ, त्यामुळे २०२१-२२ मध्ये सगळंच वर गेलं आणि लोकांना वाटलं सुपरकार म्हणजे सोनं. मार्च २०२२ पासून अमेरिकेने दर वाढवायला घेतले, जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर. यातल्या कितीतरी गाड्या हप्त्यावर असतात हे बाहेरून कळत नाही. हप्ता वाढला की गिऱ्हाईक आटतं, भाव उतरतो, इतकं सरळ आहे ते.

सध्याची खरी चिंता हायब्रिडची आहे. फेरारी एसएफ९० ही १००० पीएसची प्लग-इन हायब्रिड, सेकंडहँड बाजारात मूळ किमतीच्या खाली घसरली, जे लोकांना फेरारीकडून अपेक्षित नव्हतं. कारण परत तेच, दहा वर्षांनी या बॅटरीचं काय? फेरारीला पण हे दिसलंय म्हणून त्यांनी वर्षाला पैसे भरून आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळेल अशी योजना आणली. पूर्ण इलेक्ट्रिकचं तर अजून अवघड. रिमॅक नेवेरा ही इलेक्ट्रिक सुपरकार बनवणाऱ्या माते रिमॅकनेच २०२४ मध्ये कबूल केलं की इतके पैसे मोजणाऱ्या माणसाला इलेक्ट्रिकपेक्षा यांत्रिक, हाताला जाणवणारी गाडी हवी असते. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांपैकी एक बनवणारा माणूस हे म्हणतो याला वजन आहे.

आता इकडचे मित्र हमखास विचारतात की ७५ हजार पौंड म्हणजे ८०-९० लाखच की, ती १२सी उचलून पुण्याला आणता येणार नाही का. नाही येणार. आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांच्या आतली पाहिजे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, आणि मुंबई बंदरातूनच उतरवायची असा नियम आहे. म्हणजे उतार सपाट होतो तिथपर्यंत थांबून स्वस्तात आणायचा रस्ताच बंद. नवी आणायची तर वर्षानुवर्षं कस्टमच शंभर टक्क्यांच्या घरात, वर जीएसटी, आणि महाराष्ट्रात पासिंग करायचं तर रोड टॅक्स, ज्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. ही सगळी रक्कम विकताना परत येत नाही, पण नवीचा भाव तिच्यामुळे इतका वर असतो की जुनीला पण तो आधार मिळतो, त्यामुळे इकडे सेकंडहँड सुपरकार तिकडच्या मानाने महागच राहते. इन्शुरन्सवाल्यांची आयडीव्हीची (म्हणजे विम्यासाठी गाडीची किंमत किती घटलेली धरायची त्याची) टेबल मात्र सगळ्यांना सारखी, सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत १५ टक्के, दोनला २०, तीनला ३०, चारला ४०, पाचला ५०, मग वॅगनआर असो की लॅम्बोर्गिनी.

मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो तेव्हा भाऊ मला एक गाडी बघायला घेऊन गेला. कोणत्या कंपनीची आणि कुठल्या डीलरकडची ते नाही सांगत. जाहिरातीत सगळं चकचकीत, दोन मालक, फक्त नऊ हजार मैल. आम्ही एक स्वतंत्र तपासणीवाला बरोबर नेला होता, साठीचा माणूस, फार बोलत नव्हता. त्याने पेंटची जाडी मोजायचं मीटर काढलं आणि बॉनेटपासून टकटक करत निघाला, १२०, ११५, १२५ मायक्रॉन, आणि मागच्या उजव्या बाजूला एकदम ३४०, म्हणजे तिथे परत रंग मारलेला. परत लावलं, ३३५. तो काही बोलला नाही, नुसतं आमच्याकडे बघितलं. मग गाडी वर उचलली, चाक काढलं आणि सिरॅमिक डिस्कच्या मधल्या भागावरची काजळी अंगठ्याने पुसून दाखवली, तिथे कमीत कमी वजनाचा आकडा कोरलेला असतो. त्याने समजावलं की ही डिस्क जाडीने झिजत नाही, उष्णतेने आतला कार्बन जळून ती हलकी होत जाते, म्हणून तिला काट्यावर तोलायचं. शेवटी टायरवरचा तारखेचा आकडा वाचला, टायर आठ वर्षं जुने. नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक, पण रबर दगड झालेलं. उभं राहून राहून.

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, नऊ हजार मैल म्हणून आपण खूश होतो ना रे."

मला त्या गाडीचं खरंच वाईट वाटलं. मैल वाढले की भाव कमी होतो म्हणून लोक या गाड्या झाकून ठेवतात, आणि उभ्या गाडीचे सील सुकतात, बॅटरी मरते, क्लचचं तेल जुनं होतं, टायर चपटे पडतात. वर्षाला दीड-दोन हजार मैल नेमाने चाललेली, दरवर्षी सर्व्हिस झालेली, फाईल जाड असलेली गाडी मी कधीही आधी घेईन, आपल्याकडे "डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल हँड" म्हणतात तशी. बाजार मात्र अजून मैलच मोजतो, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी ही फायद्याची गोष्ट आहे, कारण ३० हजार मैलांची निरोगी गाडी त्याला बऱ्याच कमी पैशात मिळते.

भावाने ती सोडली. दोन महिन्यांनी त्याने ३१ हजार मैल झालेली एक घेतली, चार मालक, पण प्रत्येक बिल फाईलमध्ये, क्लचपासून वायपरपर्यंत. बाजूला १२ हजार पौंड त्याने फक्त दुरुस्तीसाठी काढून ठेवलेत, त्याला हात लावायचा नाही असं वहिनीसमोर कबूल केलंय. परवा फोटो पाठवला, पावसात भिजलेली गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी, पुढच्या डिकीत भाजीच्या पिशव्या, आणि खाली लिहिलेलं, ३३,४१२.